पोलिसांचा कॅमेरा आणि नवख्या वकिलाचं आवेदन

इंदूरच्या जिल्हा कोर्टात फौजदारी बाजूला नुकतेच बसायला लागलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. चालान (म्हणजे आरोपपत्र), जामीन, पेशी हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग आरोपीच्या वकिलाच्या हाती कसं लागतं, एवढाच विषय. कॉलेजात हे कोणी शिकवत नाही आणि सीनियर म्हणतात, "आधी चालान तर येऊ द्या." हे वाक्य आता कानावर पडलं तरी माझं डोकं तडकतं.

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम 105 प्रमाणे झडती आणि जब्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं, शक्यतो मोबाइलवर, आणि विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाले घटनास्थळी येतात, त्याचंही चित्रण असतं. ते कलम 176(3). मात्र त्या तारखेला ज्या प्रकरणाचा तपास किंवा सुनावणी सुरू होती ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच (सीआरपीसी) चालतं. तिथे प्रत मिळण्याच्या कलम 230 च्या जागी 207 लिहा आणि कागद-वस्तू मागवण्याच्या कलम 94 च्या जागी 91. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तयार मसुदा उचलून सही ठोकणारे इथेच आपटतात. तसल्या मसुद्यात कलमं एका संहितेची, निकाल भलतेच आणि आरोपीचं नाव आधीच्या प्रकरणातलं. नको ते.

आता ज्या खड्ड्यात मी पडलो तो नीट समजून घ्या. कंटाळा आला तरी वाचा.

रेकॉर्डिंग तीन प्रकारचं असतं आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा. पहिलं म्हणजे चालानात ज्याचा आधार घेतलाय ते. त्याची प्रत कलम 230 खाली फुकट मिळते, आणि आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत मिळायला हवी. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड हा 'मुद्देमाल' आहे, त्याची प्रत कसली, असं कोणी म्हणालं तर गोपालकृष्णन विरुद्ध केरळ राज्य, 2019 दाखवा. त्यातला मजकूर दस्तऐवज आहे आणि आरोपीला क्लोन (हुबेहूब) प्रत द्यायची, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय.

दुसरं, विवेचकाने (तपास अधिकाऱ्याने) गोळा केलं पण चालानात वापरलं नाही ते. इथे आपल्याच गावातल्या प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा निकाल कामाला येतो. 2011 च्या इंदूरच्या तिहेरी हत्याकांडाचं अपील, मनोज विरुद्ध मध्यप्रदेश राज्य, 20 मे 2022. अभियोजनाने न वापरलेल्या जबाबांची, कागदांची, वस्तूंची यादीसुद्धा आरोपीला द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणून आधी यादी मागा. यादीत नाव दिसलं की मग ती चीज मागता येते.

तिसरं, पोलिसांनी कधी उचललंच नाही ते. थान्यातला (पोलिस स्टेशनातला) सीसीटीव्ही, चौकातला कॅमेरा, कोणाच्या वर्दीवरचा कॅमेरा. गोची इथेच आहे. माझ्या अशिलाचं म्हणणं होतं की कागदावर अटक संध्याकाळची असली तरी सकाळपासून त्याला थान्यात बसवून ठेवलं होतं. मी आरोप ठरण्याच्या टप्प्यावर कलम 94 चं आवेदन दिलं, थान्याचं फुटेज मागवा म्हणून. एडीपीओ (सरकारी बाजूचे वकील) उभे राहिले, देवेंद्रनाथ पाढी, 2004, एवढंच बोलले आणि खाली बसले. आवेदन फेटाळलं. त्या निकालाप्रमाणे आरोप ठरवताना आरोपीला आपल्या बचावाचे कागद सहसा मागवून घेता येत नाहीत. 2017 च्या नित्य धर्मानंद निकालाने एक फट ठेवलीय. अभियोजनाने दडवलेलं साहित्य अगदी निखळ दर्जाचं आहे अशी कोर्टाची खात्री पटली तर ते मागवता येतं. पण फुटेज न पाहता ते निखळ आहे हे तुम्ही पटवणार कसं?

म्हणून दोन मागण्या वेगळ्या करा. जतन आज मागा, प्रत बचावाच्या टप्प्यावर. पाढी निकाल सादर करवून घेण्याबद्दल आहे. डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रातलं) पुसू नका एवढीच विनंती असेल तर तो आडवा लावणं सोपं जात नाही. जतनाचं आवेदन पहिल्या रिमांडलाच द्या, चालानाची वाट बघत बसू नका. परमवीर सिंह सैनी निकालाने (2 डिसेंबर 2020) थान्यांमध्ये फुटेज अठरा महिने ठेवायला सांगितलंय, तेवढी क्षमता नसेल तरी वर्षाच्या खाली नाही. त्या भरवशावर झोपू नका. "तांत्रिक खराबीमुळे उपलब्ध नाही" असं पत्र यायला वेळ लागत नाही. आणि चौकातल्या दुकानाचा डीव्हीआर तर कधी जुन्यावर नवं चढवेल सांगता येत नाही.

आवेदनात "सीसीटीव्ही फुटेज सुरक्षित ठेवावे" एवढंच लिहिलंत तर गेटचं फुटेज ठेवतील आणि हात झटकतील. जागा लिहा: मुख्य दार, लॉकअपच्या बाहेर, व्हरांडा, ड्यूटी ऑफिसरची खोली. सैनी निकालात या जागांची यादीच आहे, त्यामुळे तिथे कॅमेरा नव्हता असं म्हणणंही थान्याला महागात पडतं. वेळ दोन्हीकडून तासभर जास्त मागा. डीव्हीआरचं घड्याळ कित्येकदा पुढे-मागे असतं. तुम्ही 6 ते 7 मागता आणि स्क्रीनवरचे 6 खरे पावणेसात असतात. मग रिकामा व्हरांडा बघत बसा! डीव्हीआरवरची वेळ आणि खरी वेळ यातला फरक पंचनाम्यात नोंदवावा, हेही आवेदनातच मागा. रोजनामच्यातल्या (थान्याच्या रोजच्या डायरीतल्या) नोंदीशी मेळ घालताना हाच आकडा लागतो.

घाबरू नका, फेटाळलेलं आवेदनही वाया जात नाही. फुटेज होतं, तुम्ही वेळेत मागितलं आणि ते आलं नाही, हे रेकॉर्डवर राहतं. तोमासो ब्रूनो, 2015 मध्ये हॉटेलचं सीसीटीव्ही अभियोजनाने आणलं नाही म्हणून कोर्टाने त्यांच्याविरुद्ध अनुमान काढलं. तसा युक्तिवाद करायचा तर तुमच्या फाइलमध्ये तारीख पडलेला कागद हवा.

प्रत हातात आली की आधी हॅश व्हॅल्यू बघा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा; फाइल जराही बदलली की तो बदलतो. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं त्याचे दोन भाग असतात, एक देणाऱ्याचा, एक तज्ज्ञाचा, आणि हॅश त्यात लिहिलेला असतो. तोच हॅश तुमच्या प्रतीवर काढून ताडून बघा. ज्युनियरने क्लिप व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि तीच तुम्ही पेनड्राइव्हवर घेतलीत तर फाइल कॉम्प्रेस होऊन लहान झालेली असते, हॅश जुळणार नाही, आणि उलटतपासणीत तुमचंच तोंड बंद. प्रमाणपत्र द्यायला अधिकारी टाळाटाळ करतो? लेखी मागा, नाही दिलं तर कोर्टाला त्याला समन्स काढायला सांगा. जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात (2020), हेच झालं होतं. निवडणूक कार्यालयातलं चित्रण होतं, पुन्हापुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. मागणाऱ्याने हातात होतं ते सगळं केलं, म्हणून कोर्टाने त्या अटीतून सूट दिली.

या कामात गुरू कोण, असं कोणी विचारलं तर मी मालखाना (जप्त वस्तूंची खोली) सांभाळणाऱ्या हवालदाराकडे बोट दाखवीन. कुठलं कार्ड कुठल्या लिफाफ्यात, सील कधी लागलं, हे त्याला माहीत असतं. वीस वर्षं फक्त जामीन केलेल्या सीनियरला नाही. इलेक्ट्रॉनिक उपकरण कोणाकडून कोणाकडे गेलं तो क्रम आता चालानातच लिहावा लागतो (कलम 193). त्या हवालदाराशी नीट बोललात तर त्या क्रमातली भोकं आपोआप दिसतात.

आणि पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असलेल्या प्रकरणात प्रतीचा हट्ट धरू नका. गोपालकृष्णन निकालातच तिथे फक्त पाहणीची मुभा आहे. पाहणीला तज्ज्ञ सोबत नेण्याची परवानगी त्याच आवेदनात मागा. नंतर आठवलं तर त्यासाठी वेगळं आवेदन आणि पुढची तारीख.