उन्हाळी सल्ला : वानरांपासून बाग राखताना (फेब्रुवारी ते जून)

केशर आंबा कैरीवर आला की बालाघाट आणि अजिंठ्याच्या डोंगरकडेच्या गावांत वानरांच्या टोळ्या शिवारात उतरतात. राखण करावीच लागणार. पण ती खाली का उतरली हे आधी पाहा, नाहीतर फटाके संपतील आणि टोळी तिथेच राहील.

काळ्या तोंडाचं वानर मुळात पालाखाऊ. वड, पिंपळ, उंबर, पळस यांची कोवळी पालवी, कळ्या, फळं हीच त्याची भाकरी. बरंचसं पाणीही त्याला त्यातूनच मिळतं. मराठवाड्यात जंगल आधीच थोडं, तेही गौताळा, येडशी-रामलिंग, किनवट-माहूर अशा तुकड्यांत. मधली गायरानं नांगराखाली गेली, रस्ते रुंद होताना कडेचे वड आणि चिंचा पडल्या. त्यात पावसाचे खंड वाढले, ओढे उन्हाळ्याआधीच कोरडे. पाला निबर झाला की वानराला उघडं पाणी लागतं आणि ते सापडतं आपल्या शेततळ्यात. मे २०२४ मध्ये मेक्सिकोतल्या टबॅस्को राज्यात उष्णतेच्या लाटेत हाऊलर माकडं झाडांवरून पडून मेली. आपल्याकडेही मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, म्हणून पाण्याची सोय हे या हंगामातलं पहिलं काम.

पाणवठा बागेपासून लांब, डोंगराच्या पायथ्याला सावलीत करा. जागा वनखात्याची असेल तर वनरक्षकाला विचारूनच. हौद उथळ आणि एका बाजूने उतरता हवा. शेततळ्याचा प्लास्टिक कागद फार निसरडा असतो. आत पडलेलं पिल्लू कितीही धडपडलं तरी त्याला वर येता येत नाही आणि आई काठावर ओरडत बसते. काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, आजच करा.

राखण दिवसभर नको. टोळी सकाळी नऊ-दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर चरते, भर उन्हात सावलीला बसते. तिची वाट बहुधा ठरलेली असते. ती कोणत्या झाडावरून बागेत उतरते ते दोन-तीन दिवस पाहा आणि बागेला टेकलेल्या तेवढ्याच फांद्या छाटा, झाड तोडू नका. त्या बाजूला भुईमूग, भेंडी, काकडी घेऊ नका. हळद किंवा आलं घ्या, त्याला वानर सहसा तोंड लावत नाही. फळांना घातलेल्या कागदी पिशव्या फळमाशी थांबवतात, वानर नाही. बुजगावणं, डबे, आवाज सतत बदलत राहा.

तारेत वीज सोडणं, विष घालणं हे सरळ गुन्हे आहेत. वानराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मोठा बार काढणाऱ्या कार्बाइडच्या नळीने माणसांचेच डोळे जातात. टोळीत बहुधा एकच मोठा नर असतो. तो हुसकावला की बाहेरचे नर येतात, मारामाऱ्या होतात, पिल्लं मरतात, आणि शेताचा त्रास तसाच राहतो. लाल तोंडाच्या माकडांना देवळापाशी केळी, बिस्किटं देऊ नका. त्या सवयीनेच ती घरात शिरतात.

चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. हळद-चुना लावू नका.

पिकाचं नुकसान झालं तर पडलेली फळं उचलू नका. आधी फोटो काढा, तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या, पंचनामा करून घ्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

उंबर, वड, जांभूळ, भोकर यांच्यासाठी खड्डे मे महिन्यातच घेऊन तापू द्या आणि मृगाचा चांगला पाऊस झाला की लावा. जागा मात्र गायरानात किंवा ओढ्याकाठी निवडा. फळबागेच्या बांधावर ही झाडं नकोत.