स्कीइंगसाठी जपानला जाताय? मंग मुक्काम साप्पोरो शहरातच ठेवा

आपल्याइकडची पोट्टी पुण्या-बंगलोरला नोकरीला लागली अन् आता डिसेंबर-जानेवारीत स्की करायला जपान गाठतात, काही जण माय-बाबांनाही सोबत नेतात. चांगलंच आहे. पण जो तो निसेको या स्कीच्या गावाचं नाव ऐकून सगळेच दिवस तिथं बुक करून टाकते. निसेको झकासच आहे, त्यात वाद नाही, पण साप्पोरोहून बसनं दोन-अडीच तास लांब, सीझनमध्ये खाणंपिणं महाग, अन् ज्याला स्की करायचीच नाही त्यानं तिथं दिवसभर काय करावं? माझं म्हणणं असं का मुक्काम होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटाच्या राजधानीत म्हणजे साप्पोरोत ठेवा, सकाळी डोंगरावर जा अन् दुपारनंतर शहरात खा-फिरा. न्यू चितोसे एअरपोर्टवरून ट्रेननं साधारण चाळीस मिनिटांत शहरात पोचता येते.

स्कीसाठी तेइने डोंगर जवळ आहे, आधी ट्रेन अन् मंग बस. 1972 चं हिवाळी ऑलिंपिक साप्पोरोतच झालं होतं, आशियातलं पहिलं, त्यातल्या काही स्पर्धा याच डोंगरावर झाल्या. वरून समुद्र दिसते. सामान सगळं भाड्यानं मिळते, विकत घेऊन नेऊ नका. नवख्यानं लागोपाठ दिवस स्की ठेवू नये, मांड्या अशा धरतात का दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, म्हणून एक दिवस स्की अन् एक दिवस शहर असं ठेवा.

आता चालण्याचं. जानेवारीत तिथं तापमान बहुतेक शून्याच्या खालीच असते, रस्त्यावरचा बर्फ दाबून दाबून काचेवाणी गुळगुळीत होते. तुमचे स्पोर्ट शूज तिथं कामाचे नाहीत, बुटाला खालून लावायचे खिळेवाले पट्टे दुकानात मिळतात ते पहिल्याच दिवशी घ्या. चौकाचौकात रेतीच्या पेट्या ठेवलेल्या असतात, त्यात बारीक खडीच्या पिशव्या राहतात, कोणीही घ्यावी अन् पुढं घसरण दिसली का टाकत जावं, फुकट आहे. पावलं छोटी टाका, हात खिशात घालू नका, माय-बाबांना तं हे दोनदा सांगा. अन् लय थंडी वाजली का खाली उतरा: साप्पोरो स्टेशनपासून शहराच्या मधल्या ओदोरी भागापर्यंत जमिनीखालून रुंद रस्ता आहे, 2011 ला सुरू झाला, तिथून पुढं सुसुकिनो या खाण्यापिण्याच्या भागापर्यंतही खालूनच दुकानं पाहत जाता येते.

खाण्यात मी पहिला नंबर सूप करीला देईन, हा पदार्थ साप्पोरोचाच. मोठ्या वाटीत पातळ तर्रीसारखा मसालेदार रस्सा, त्यात आख्खा भाजलेला बटाटा, गाजर, भोपळा, चिकनची तंगडी, अन् भात वेगळ्या ताटलीत. रस्सा भातावर ओतायचा नाही, चमच्यात भात घ्यायचा अन् रश्शात बुडवायचा. ऑर्डर देताना तिखटाचा आकडा विचारतात, तिथं आपला सावजीचा हिशेब लावून वरचा आकडा सांगू शकता, पण मधला घेऊन पाहा आधी. दुसरा पदार्थ मिसो रामेन, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या (मिसोच्या) रश्शातल्या शेवया, तोही इथलाच, वर मक्याचे दाणे अन् लोण्याचा तुकडा. सुसुकिनोत रामेनची एक अरुंद गल्लीच आहे. मटण खाणाऱ्यानं जिंगिसुकान सोडू नये: मधात फुगलेला लोखंडी तवा, वर मेंढीचं मटण भाजायचं, कडेला कांदा-कोबी, अन् मटणाचा रस आपोआप खाली भाज्यांत उतरते. कपडे धुराचे वास मारतात, म्हणून जॅकेट दुकानवाले पिशवीत ठेवायला देतात का ते विचारा.

शाकाहारी लोकांनी जरा सांभाळून. भाज्यांची सूप करी दिसली तरी रस्सा बहुतेक कोंबडीच्या नाही तं डुकराच्या हाडांचा असते, अन् साध्या मिसो सूपमध्येही मासोळीचा अर्क राहते. मोबाईलवर जपानीत ‘मांस, मासे, त्यांचा रस्सा चालत नाही’ असं लिहून ठेवा अन् दाखवा. पोटाला आधार म्हणून सेइकोमार्ट नावाच्या छोट्या दुकानांमध्ये मीठ घातलेला किंवा आंबट आलुबुखाऱ्याचा भाताचा गोळा मिळते. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या, पण संत्री अन् मटणाचं काहीही नेऊ नका, कस्टममध्ये अडकते.

पाहायला शहरात ओदोरी पार्क आहे, दीड किलोमीटर लांब, टोकाला 147 मीटरचा टीव्ही टॉवर. फेब्रुवारीत इथं बर्फाच्या मूर्तींचा उत्सव भरते, 1950 ला शाळेच्या पोरांनी सहा मूर्ती बनवल्या तिथून हे सुरू झालं. त्या दिवसांत हॉटेल लय आधी बुक करावं लागते. 1878 चा लाकडी घड्याळ टॉवर लोक फोटोसाठी पाहतात, मला विचाराल तं दहा मिनिटं पुरे. रात्री मोइवा डोंगरावर रोपवेनं जा, अख्खं शहर खाली लखलखते.

डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडते, म्हणून ओतारू या बंदराच्या गावाला सकाळीच निघा. ट्रेन पाऊण तासाच्या आतबाहेर, जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, समुद्र अगदी रुळाला लागून येते. तिथं जुना कालवा, दगडी गोदामं, काचेच्या वस्तूंची दुकानं, अन् मासे खाणाऱ्यांसाठी स्टेशनाजवळच बाजार.

अंग दुखलं का जोझांकेइला गरम झऱ्याचं पाणी, बसनं तासाभराचं. बाया-माणसांची जागा वेगळी, पण आत कपडे न घालताच उतरायचं असते अन् आधी अंग धुवायचं असते. मायला लाज वाटली तं बाहेर नुसते पाय बुडवून बसायची सोय आहे, तिथं बसू द्या.

टीप द्यायची नाही. कचऱ्याचे डबे रस्त्यावर नसतात, पिशवी खिशात ठेवा. परतीचं मुंबई-दिल्लीचं विमान टोकियोवरून असेल तं साप्पोरोहून एक दिवस आधीच निघा, बर्फवृष्टीत फ्लाइट रद्द होतात, अन् मंग एअरपोर्टवर झोपावं लागते.