म्हशीचा रंग तांबूस पडतोय? खनिजं विकत घेण्याआधी हे बघा

फाल्गुन सरला की हिरवा चारा आटतो आणि गव्हाणीत कडबा नाहीतर उसाचे वाढे एवढंच उरतं. सूक्ष्म खनिजांची, म्हणजे अंगाला अगदी थोडीच पण रोज लागणाऱ्या तांबं, जस्त अशा खनिजांची कमतरता याच दिवसांत उघडी पडते.

काळ्याभोर म्हशीवर तांबूस-करडी झाक आली किंवा गाईच्या डोळ्यांभोवतीचे केस फिकटले, तर तांबं कमी पडल्याचा संशय घ्यावा. मानेची, पायांची कातडी जाड होऊन खपल्या धरते, जखम भरत नाही, ही जस्ताची खूण. करडं अशक्त, विरळ केसांची, गळ्याशी गाठ घेऊन जन्मली तर आयोडीन. पुढ्यात चारा असून जनावर वाळत चाललं तर कोबाल्ट.

मात्र नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. जंतांनीही केस राठ होतात, अंग वाळतं. म्हणून आधी शेण तपासून घ्या. तो खर्च अगदी किरकोळ असतो.

रक्त तपासायचं तर एकाच आजारी जनावराचं नको. अंगात ताप किंवा सूज असली की रक्तातलं जस्त घटतं आणि तांबं उलट वाढतं. एकाच चाऱ्यावरची, सारख्या वयाची सहा-सात जनावरं निवडा. साध्या रबरी बुचातून नमुन्यात जस्त उतरतं, त्यामुळे सूक्ष्म खनिजांसाठीच्या खास नळ्या डॉक्टरांकडे आधीच मागा.

तांब्याचा साठा यकृतात असतो. तो संपत येईपर्यंत रक्तातलं प्रमाण ठीकच दिसतं, त्यामुळे चांगल्या अहवालावर निर्धास्त होऊ नका. दुर्दैवाने एखादं जनावर दगावलंच, तर शवविच्छेदनात यकृताचा तुकडा तपासायला पाठवायला सांगा. बोअरचं पाणीही तपासा. त्यात लोह किंवा गंधक जास्त असेल, तर चाऱ्यातलं तांबं अंगी लागत नाही.

प्रयोगशाळा लांब असेल तर सगळ्यांना जंतनाशक द्या. मग निम्म्या जनावरांना, डॉक्टरांना विचारून, रोज 50 ते 100 ग्रॅम खनिज मिश्रण दोन-तीन महिने द्या आणि उरलेल्यांशी ताडून बघा. जुने केस रंग बदलत नाहीत. नवे काळे येतात का, ते पाहायचं.

गाई-म्हशींचं मिश्रण मेंढ्यांना मात्र कधीही घालू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस कावीळ होऊन, लाल लघवी करत ती मरते. सेलेनियम या आणखी एका सूक्ष्म खनिजाचं इंजेक्शनही मनाने टोचू नका, गरजेची मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नसतं.