लहान मुलाला घेऊन समुद्रावर जाताना बॅग कशी भरावी

बॅग दोन भागांत भरा: किनाऱ्यावरची वेगळी, मुक्कामाची वेगळी. किनाऱ्यावरची शक्यतो जाळीची घ्या, उचलून झटकली की वाळू खाली पडते.

पोहण्याचा पोशाख निळा, पांढरा किंवा राखाडी नको. पाण्यात हे रंग दिसेनासे होतात. भडक केशरी किंवा गुलाबी लांबूनही नजरेत भरतो. दुकानात निळ्यावरचे गोंडस मासे बघून मोह होतो, पण तो आवरा. पूर्ण बाह्यांचा असेल तर उत्तमच, तेवढं सनस्क्रीन कमी चोपडावं लागतं. सनस्क्रीन किमान एसपीएफ 30चं, बाहेर पडण्याआधी 15 मिनिटं लावायचं आणि दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून आल्यावर पुन्हा. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहून जातो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र सावलीतच ठेवा.

साधा डायपर पाणी पिऊन फुगतो आणि गुडघ्यापर्यंत लोंबतो, म्हणून पोहण्याचे वेगळे डायपर घ्या. ते शी अडवतात, शू नाही. गाडीत बसण्याआधी बदलाच.

आणि बेबी पावडरचा छोटा डबा. अंग कोरडं झालं की हातावर थोडी घेऊन पायांना चोळा, चिकटलेली वाळू सहज झडते. ओल्या टॉवेलने खसाखसा पुसलं तर मूल रडतं, वाळू तिथेच राहते. फक्त पावडर चेहऱ्याजवळ उडवू नका.

खेळणी? एक बादली, एक फावडं. बस.