फिलिप के. डिकवर प्रबंध लिहायचाय? मग आधी साक्षीदार तपासा

विज्ञानकथालेखकावर प्रबंध करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी कादंबऱ्यांचा फडशा पाडतात आणि चरित्र 'पार्श्वभूमी' या नावाखाली एका प्रकरणात उरकून टाकतात. अमेरिकी लेखक फिलिप के. डिकच्या बाबतीत हे चालत नाही. माझी पीएच.डी. त्याच्यावरच झाली. त्यामुळे नव्या विद्यार्थ्यांचे आराखडे अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात, आणि त्यात एक वाक्य हमखास भेटतं: 'लेखकाच्या आयुष्यातील घटनांचे प्रतिबिंब त्याच्या साहित्यात पडलेले दिसते.' दिसतंच. पण ती घटना तुम्हाला सांगितली कुणी, हे आराखड्यात कुठेच नसतं.

एकच घटना घेऊ. १७ नोव्हेंबर १९७१ रोजी कॅलिफोर्नियात, सॅन राफाएलच्या त्याच्या घरात घरफोडी झाली. कागदपत्रांचं कपाट फोडलेलं होतं, कागद गेलेले होते. पॉल विल्यम्स या पत्रकाराने १९७४ मध्ये टेपरेकॉर्डर समोर ठेवून डिकशी तासन् तास गप्पा मारल्या. त्यातून १९७५ मध्ये 'रोलिंग स्टोन'मधला लेख झाला आणि १९८६ मध्ये 'ओन्ली अ‍ॅपरंटली रिअल' हे पुस्तक. त्यात डिक या घरफोडीचे एकामागून एक उलगडे करत सुटतो. सरकारी यंत्रणा असेल, स्थानिक पोलीस असतील, कुठला तरी कडवा गट असेल. होता होता गाडी 'मीच केली असेन का?' इथवर येते. लॉरेन्स स्यूटिनने 'डिव्हाइन इन्व्हेजन्स' (१९८९) या चरित्रात हे सगळे तर्क चरित्रकाराच्या संयमाने मांडलेत. एमान्युएल कारेरचं फ्रेंच पुस्तक १९९३ चं. तो कादंबरीकार, त्यामुळे थेट डिकच्या डोक्यात शिरून गोष्ट सांगतो, आणि तळटीप नावाला नाही.

मी नवख्यांना पहिलं काम हेच देते. ही तीन पुस्तकं शेजारी ठेवा, तीन रकाने आखा आणि प्रत्येकाला काय माहीत आहे आणि ते कुणाकडून, एवढंच लिहा. रकाने भरत आले की लक्षात येतं, तिन्हींकडची बरीचशी माहिती एकाच तोंडून आलेली आहे: डिकच्या. आता चौथा रकाना जोडा. डिकची 'अ स्कॅनर डार्कली' ही कादंबरी छापून आली १९७७ मध्ये, पण तिचा पहिला खर्डा १९७३ चा. पाळतीखालचं घर, व्यसनी पोरांचा राबता, कुणावरच विश्वास नाही, हे सगळं तिच्यात आहे. म्हणजे विल्यम्सच्या टेपवर तो त्या घराच्या गोष्टी सांगत होता तेव्हा त्या दिवसांवर त्याची एक कादंबरी लिहून झाली होती. मग प्रतिबिंब कशाचं कशात पडलं? या प्रश्नावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

म्हणून तारखा. डिकवर काम करताना सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम म्हणजे तारखांचा तक्ता: लिहिलं कधी, एजंटकडे पोचलं कधी, छापलं कधी. स्कॉट मेरिडिथ या त्याच्या साहित्यिक एजन्सीत हस्तलिखित आलं की त्याची तारीख नोंदवली जाई. त्या नोंदी त्याच्या समग्र कथांच्या पाच खंडांच्या टिपणांत दिल्या आहेत, त्या आधी उतरवून घ्या. कादंबऱ्यांमध्ये तर फरक डोळ्यांत भरण्याइतका आहे. 'कन्फेशन्स ऑफ अ क्रॅप आर्टिस्ट' १९५९ मध्ये लिहिलेली, छापली १९७५ मध्ये. 'द मॅन हूज टीथ वेअर ऑल एक्झॅक्टली अलाइक' १९६० ची, ती आली १९८४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. या विज्ञानकथा नव्हेत. साध्या सामाजिक कादंबऱ्या, ज्यांना तेव्हा प्रकाशक मिळाला नाही. प्रकाशनवर्षाप्रमाणे लावलेल्या यादीवरून 'लेखकाचा विकास' दाखवायला गेलात तर चाळिशीतला डिक तुम्हाला अचानक वास्तववादाकडे वळलेला दिसेल. तो तिथूनच तर निघाला होता!

बायकांच्या आठवणींबद्दल विद्यार्थ्यांमध्ये एक विचित्र अढी असते. डिकची पाच लग्नं झाली. तिसरी पत्नी अ‍ॅन डिक हिने 'द सर्च फॉर फिलिप के. डिक' लिहिलं. ते 'भावनिक' म्हणून बाजूला सारणारे महाभाग मी पाहिलेत. मला विचाराल तर 'द मॅन इन द हाय कॅसल'वर काम करणाऱ्याने सगळ्या समीक्षेआधी हे पुस्तक वाचावं. ही कादंबरी १९६२ ची, तिला १९६३ चा ह्यूगो हा विज्ञानकथेचा पुरस्कार मिळाला. पॉइंट रेयसच्या घरी अ‍ॅनचा दागिने घडवण्याचा उद्योग होता. धातू कापणं, घासणं, चकाकी आणणं हे सगळं डिकने जवळून पाहिलं होतं. कादंबरीत फ्रँक फ्रिंक हेच काम करतो, आणि त्याच्या कारखान्यातला चांदीचा छोटा त्रिकोण हातात धरून बाकावर बसलेला जपानी अधिकारी टागोमी काही क्षण दुसऱ्याच जगात जाऊन येतो. समीक्षक इथे इतिहासाच्या तत्त्वज्ञानाबद्दल लिहितात, आणि ते खोटं नाही. पण तो त्रिकोण कुठल्या टेबलावरून आला, हे अ‍ॅनमुळे कळतं. तिच्याही मनात राग आहे, जुन्या जखमा आहेत, हे गृहीत धरूनच वाचा. निदान ती दुसरा आवाज तरी आहे. त्यातही ती फक्त स्वतःच्या आठवणींवर थांबली नाही, त्याला ओळखणाऱ्या इतरांशीही बोलली.

जुळ्या बहिणीचं प्रकरण थोडक्यात. १६ डिसेंबर १९२८ ला शिकागोत डिक आणि जेन ही जुळी जन्मली, जेन काही आठवड्यांतच गेली, आणि १९८२ मध्ये डिकच्या अस्थी कोलोरॅडोतल्या फोर्ट मॉर्गनला तिच्याशेजारी ठेवल्या गेल्या. हे कळलं की त्याच्या कादंबऱ्यांतल्या प्रत्येक जोडीत, प्रत्येक नकली माणसात जेन दिसू लागते. 'डॉक्टर ब्लडमनी'त एडी नावाच्या मुलीच्या पोटात तिचा जुळा भाऊ बिल राहतो. तिथे जेनचा उल्लेख रास्तच आहे. बाकी ठिकाणी हात आखडता घ्या. याच कादंबरीवरचा समीक्षक फ्रेडरिक जेमसनचा लेख काढून वाचा. बिलकडे तो पात्रांच्या एकूण मांडणीतला एक बिंदू म्हणून पाहतो, चरित्राच्या दारात पाऊलही न ठेवता.

हा लेख 'सायन्स फिक्शन स्टडीज' या नियतकालिकाच्या मार्च १९७५ च्या अंकात आहे. त्याच अंकात पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम याचाही प्रसिद्ध लेख आहे. अमेरिकी विज्ञानकथेतल्या भोंदूंच्या गर्दीत डिक हा एकटा द्रष्टा, असं त्याचं म्हणणं. आणि डिकने काय केलं होतं? सप्टेंबर १९७४ मध्ये एफबीआयला पत्र लिहून कळवलं होतं की लेम हा एक माणूस नसून बहुधा कम्युनिस्टांची समिती आहे. त्या पत्रात जेमसनचंही नाव आहे. म्हणजे इथे समीक्षक चरित्राबाहेर उभे राहून लिहीत नाहीत, ते त्यातली पात्रंच आहेत. प्रबंधात 'जीवन' आणि 'समीक्षेचा आढावा' अशी दोन वेगळी प्रकरणं पाडायचा हट्ट मार्गदर्शकाने धरला, तर हे पत्र दाखवून वाद घालायला हरकत नाही.

निव्वळ समीक्षेत सुरुवात किम स्टॅनली रॉबिन्सनपासून करा. तो पुढे स्वतः मोठा विज्ञानकादंबरीकार झाला, पण 'द नॉव्हेल्स ऑफ फिलिप के. डिक' हा आधी त्याचा १९८२ चा पीएच.डी. प्रबंध होता. कुठली कादंबरी जमली आणि कुठली फसली, हे तो बेधडक सांगतो. डिकभक्तांच्या लिखाणात ही गोष्ट दुर्मिळ आहे.

'एक्सेजेसिस' या त्याच्या टिपणांच्या ढिगाला शेवटी हात घाला. फेब्रुवारी-मार्च १९७४ मधल्या गूढ अनुभवांचा अर्थ लावत डिक मरेपर्यंत लिहीत राहिला, सुमारे ८००० पानं, बरीचशी हाताने. पामेला जॅक्सन आणि जोनाथन लेथम यांनी संपादित केलेला २०११ चा जाडजूड खंड त्याचा केवळ एक हिस्सा आहे, तेव्हा 'डिकने कुठेही असं म्हटलेलं नाही' हे वाक्य त्याच्या भरवशावर लिहू नका. त्या अनुभवांपुरतं काम असेल तर १९७४ च्या पत्रांचा स्वतंत्र खंड आधी वाचा. पत्रांवर तारीख असते आणि समोर कोण आहे तेही कळतं. एकच गोष्ट दोन मित्रांना तो कशी वेगवेगळी रंगवतो, ते शेजारीशेजारी दिसतं. मूळ हस्तलिखितांचा मोठा संग्रह कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुलर्टनच्या ग्रंथालयात आहे. तिकडे पत्र टाकायचं असेल तर विषय पक्का झाल्यावर टाका, आणि कुठल्या कादंबरीचा कुठला खर्डा हवाय ते नेमकं लिहा.