ग्रीन बिल्डिंग प्रकल्पाची सूत्रं हातात घेताना

हरित इमारतीच्या प्रकल्पात बाईच्या टेबलावर आधी येतात ती कागदपत्रं: दाखले जमवा, तक्ते भरा, अपलोड करा. ते काम नाकारू नका, पण नुसतं तेवढंच घेऊही नका. लीड या हरित इमारतींच्या मानांकनाचे गुण जातात ते खरेदीत आणि वेळापत्रकात. कागद तुमच्यापर्यंत पोचतो तेव्हा माल भिंतीला लागलेला असतो.

म्हणून जबाबदारी घेतानाच दोन गोष्टी लेखी मागा. तुमच्या सहीशिवाय रंग, गोंद, सीलंट यांची परचेस ऑर्डर निघणार नाही, ही एक. कामाच्या मुख्य वेळापत्रकात तुमच्या चाचण्यांच्या ओळी असतील, ही दुसरी. सहीचा अधिकार तोंडी मिळाला तर तो पहिल्या घाईत जातो. मंजूर सीलंट संपलं की सब-कॉन्ट्रॅक्टर जवळच्या दुकानातून मिळेल ते आणतो, आणि डब्यावरचं व्हीओसीचं, म्हणजे हवेत उडणाऱ्या अपायकारक रसायनांचं, प्रमाण कोणी वाचत नाही. आठवड्यातून एकदा स्टोअरमध्ये जाऊन डब्यांवरची नावं मंजूर यादीशी ताडून पाहा, फोटो काढा.

वेळापत्रकाचा मुद्दा फ्लश-आउटमध्ये, म्हणजे बाहेरची हवा खेळवून आतली ही रसायनं घालवण्यात, सगळ्यात जास्त नडतो. लीडच्या चौथ्या आवृत्तीत ताबा देण्याआधी फ्लश-आउट करायचं तर दर चौरस फुटामागे 14,000 घनफूट बाहेरची हवा आत खेळवावी लागते. तापमान किमान 15 अंश, आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत. यंत्रणा चौरस फुटामागे मिनिटाला 1 घनफूट हवा देत असेल तर 14,000 मिनिटं लागतात, म्हणजे अखंड जवळपास दहा दिवस. हवा निम्मी मिळाली तर वीस. हे दिवस रंगकाम आणि फर्निचर पूर्ण झाल्यावरचे आहेत. मधेच कोणी पॉलिशचं काम सुरू केलं, की केलेली मेहनत पाण्यात. हा हिशेब सुरुवातीलाच मांडा; हँडओव्हरच्या आदल्या आठवड्यात मांडलात तर काम अडवणारी बाई ठराल. दिवस मिळणारच नसतील तर हवेच्या चाचणीचा पर्याय आहे, पण त्याचीही तारीख आधीच धरावी लागते.

राडारोड्याचंही तसंच. 75 टक्के कचरा कचराभूमीत न टाकता चार वेगळ्या प्रकारांत पुनर्वापराकडे वळवला तर 2 गुण. प्रत्येक खेपेची वजनकाट्याची पावती त्याच दिवशी घ्या. महिनाभराने मागितलेली पावती सापडत नाही.

लीडच्या गोल्ड दर्जाला 60 गुण लागतात. नेमके 60 धरून चालू नका, तपासणीत काही कापले जातात. पाच-सहा गुण जास्तीचे ठेवा.

सुरक्षेचा पट्टा स्वतःच्या मापाचाच मागवा. सैल पट्टा बांधून मचाणावर चढणं धोक्याचं आहे, आणि न चढता छतावरचं काम तपासता येत नाही.

साप्ताहिक बैठकीत टिपणं घ्यायला बहुधा तुम्हालाच सांगतील. ती पाळीपाळीने घ्यायचं ठरवा, कारण लिहिणाऱ्याला मधे बोलता येत नाही. तुम्ही पडद्यावर गुणतक्ता लावा. प्रत्येक गुणापुढे एक तारीख आणि एका माणसाचं नाव हवं. ‘कंत्राटदार’ असं लिहिलेली ओळ कोणाचीच नसते. त्या माणसाला विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या ओळीवर जाऊ नका.