परदेशी विद्यापीठाचा प्रवेशनिर्णय अडकला, तर

जळगाव-धुळ्याकडच्या मुलांची अमेरिकेतली फाइल अडकली, की मी आधी विद्यापीठाच्या अर्जाच्या पोर्टलवरची कागदपत्रांची चेकलिस्ट उघडायला लावतो. पुष्कळदा घोळ नावाचा असतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. त्यात पाटील, महाजन, चौधरी ढिगाने. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण पोहोचूनही अर्जाला जोडले जात नाहीत आणि अपुरी फाइल समितीपुढे जातच नाही. अशा वेळी दोन्ही नावं जशीच्या तशी लिहून, पासपोर्टचं पान जोडून कळवा.

चेकलिस्ट पूर्ण असेल, तर जाहीर केलेली निर्णयाची तारीख उलटू द्या. मग प्रवेश कार्यालयाला एकच मेल, विभागाच्या समन्वयकाला प्रत. विषयात अर्ज क्रमांक, अभ्यासक्रम, सत्र. मजकूर चार ओळींचा. प्राध्यापकांना गळ घालू नका, फायदा होत नाही. संध्याकाळी सातला पाठवलात तर न्यूयॉर्कला सकाळ असते. दहाएक दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली स्मरण द्या.

दुसरीकडची शिष्यवृत्तीसह ऑफर हातात असेल, तर तिची मुदत स्पष्ट लिहा. अनेक विद्यापीठं अशा ऑफरला उत्तर देण्याची मुदत म्हणून 15 एप्रिल पाळतात. त्या सुमारास जागा मोकळ्या होतात.